मुक्काम हलला की कळवावे

द्वारा गुलाबचंद किराणा, गोरेगाव (ता. सेनगाव)
३ डिसेंबर २०२५

राजनंदे,

मी पंचफुला. ध्यानात येतंय का कोण? तुझ्या बापाची माय. तुला खांद्यावर घेऊन दोन तालुके हिंडली, ती. खूण सांगून ठेवलेली बरी. पुण्याला गेल्यापासून तुझं डोकं चिरलेल्या मडक्यासारखं झालंय, ओतलेलं काही राहतच न्हाई. आमच्या लंगड्या मेंढीला तीन वर्षांमागचा पाणवठा बराबर आठवतो, तुला दसऱ्यापासून आजी आठवली न्हाई.

लिहिणाऱ्या बाईंचं नाव सरलाबाई. शाळेतून रिटायर झाल्यात. मी सांगते, त्या लिहितात. बोलणं चुकलं तर माझं, अक्षर गोड वाटलं तर त्यांचं.

फोन काहून केला न्हाई म्हणशील. आमच्या पालात एकच फोन, तो बंद करून ज्वारीच्या पोत्यात खुपसून ठेवलाय. त्याचं असं झालं. आठ दिवसांमागं एका पोरीचा फोन आला. आवाज असा की साखर खाऊन बोलून राहिली. "पंचफुलाबाई, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" मी म्हटलं, तू कोण? म्हणे, आम्ही तुमची काळजी घेणारे. माझ्या नवऱ्यानं पन्नास वर्षांत कधी एवढं विचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी एक बाप्या. म्हणे, बाळाच्या नाळेतलं रक्त आम्ही जपून ठेवतो, हप्त्यानं पैसे द्या. मी पंच्याहत्तर वर्षांची. मी म्हटलं, बाबा, माझ्या नाळेचं रक्त पुरलं तिथं आता बाभूळ उगवली. तो हसला न्हाई. हे लोक हसत न्हाईत, ते मला बरं वाटलं न्हाई.

मग एक फोन आला, त्यात कुणी बोलेचना. नुसता श्वास. शेवटी एक बाप्या हळूच बोलला, "आज कोणत्या रानात आहात?" मी फोन बंदच करून टाकला. तो आवाज मी कुठंतरी ऐकलेला हाय.

तू इमा कंपनीच्या कामाच्या हापिसात बसतेस म्हणून इचारते. दवाखान्यात कार्ड दाखवून अंगठा दिला की तो कागद पुढं कुठं जातो? माझ्या ओळखीची एक गरवार बाई हाय, तिला मी नांदेडला नेलं होतं. तिच्यासाठी इचारून राहिले.

तुझी बहीण पुजा दिवाळीनंतर नवऱ्याच्या घरातून निघून गेली, ते तुला ठाऊक हाय. ती कुठं हाय ते मला ठाऊक न्हाई. तुझ्या बापालाबी न्हाई. तू इचारू नको.

उत्तर गुलाबचंदच्या दुकानावर टाक. तुझा बाप हनुमान बाजाराला आला की घेऊन येतो. आमी रान बदलत राहतो, पण गुलाबचंदचं दुकान हलत न्हाई, आणि त्यातली डाळबी.

तुझी आजी


पुणे, १० डिसेंबर २०२५

आजी, पाया पडते.

दसऱ्याला मी फोन केला होता, तूच उचलला नाहीस. पण ते राहू दे.

सरलाबाईंना सांग, त्यांचं अक्षर मी ओळखलं. ओळ सपाटीवर सुरू होते आणि टेकडीवर जाऊन संपते, लहानपणापासून. त्याच अक्षरावर बोट फिरवून मी बाराखडी शिकले. पाकीट फोडलं आणि खोलीत फरशीवरच बसले. ती जिवंत आहे, तुझ्याजवळ आहे, एवढं कळलं. नाव लिहीत नाही.

आता नीट ऐक. प्रज्ञेशदाजी दोनदा माझ्या हॉस्टेलच्या दारात येऊन गेले. पहिल्यांदा पेढे घेऊन आले. "तुझ्या बहिणीचा काही निरोप?" मी नाही म्हटलं, तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. गेल्या रविवारी आले ते हातात मोबाइल धरूनच. त्यावर मेसेज होता: आपल्या कुटुंबातील सदस्याच्या उपचारास मंजुरी, रुग्णालय नांदेड, प्रसूती विभाग, दोन दिवस. म्हणाले, "बघ, मी कुठं शोधायला गेलो नाही. कंपनीनंच सांगितलं." आणि हसले. ओरडले असते तर मला एवढी भीती वाटली नसती.

कार्डावर फोटो ताईचा असला तरी विमा दाजींच्या कारखान्यातून आहे, त्यांच्या नावावर. दवाखान्यानं कागद पाठवला तो माझ्या ऑफिससारख्याच एका ऑफिसात. तिथून विमा कंपनीकडं. कंपनीकडून दाजींच्या मोबाइलवर, कारखान्यातल्या साहेबाकडं. शिवाय गोळ्यांची चौकशी करणारी एक संस्था, घरपोच औषधं विकणारी दुसरी. नाळेवाल्याला यातल्या कुणी दिलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. माझ्यासमोर रोज दीडशे माणसांचे आजार येतात, आजी. कुणाचं गर्भाशय, कुणाचं वेड, कुणाची दारू. मी तपासते आणि पुढं सरकवते. पुढं म्हणजे कुठं, हे मी पहिल्यांदाच विचारलं, तुझं पत्र आल्यावर.

कुणी काही चोरलेलं नाही. फॉर्मच्या तळाला बारीक अक्षरात ओळ असते, की माझी माहिती कंपनीनं तिच्या सोबत्यांना दिली तर माझी हरकत नाही. तिच्याखाली तुझा अंगठा आहे.

मला एकच सांग. त्या फॉर्मवर पत्ता काय दिलास?

राजू


१७ डिसेंबर २०२५

राजे,

ओळखलंस तर ओळखलंस. सरलाबाई कुणी न्हाई. सुचलं ते नाव सांगितलं. तुझ्यापासून लपवलं, कारण तुझ्या तोंडावर सगळं उमटतं, लहानपणी गूळ चोरलास तरी ओठ पुसायची न्हाईस. आणि दुसरं, खरं सांगते, तू त्याच कामात बसतेस. मला वाटलं, तुझ्या कानात गेलं ते कंपनीच्या कानात गेलं.

आता पत्त्याचं. हे सांगताना तोंड कडू होऊन राहिलंय. लिहिणारीलाबी यातलं काही ठाऊक न्हाई. ती आता लिहिता लिहिताच ऐकणार.

मेंढरांचा इमा आठवतो का? कानात पिवळे बिल्ले मारले होते. देवीचा रोग आला, अकरा मेंढरं गेली. तुझ्या बापानं बिल्ल्यासकट कान कापून डब्यात ठेवले. इम्याचा साहेब आला तो कागदावर लिहिलेल्या रानात. आमी तवर दोन कोस पुढं गेलेलो. साहेब म्हणाला, जनावर सांगितल्या जागी न्हाई, इमा न्हाई. मी पाया पडले. तो म्हणाला, "मावशी, नियम हाय. मुक्काम हलला की कळवावे." ते अकरा कान आणि ते बोलणं माझ्या डोक्यात रुतून बसलं.

मग नांदेडला खिडकीतल्या पोरानं पत्ता इचारला. तुझ्या बहिणीचं रक्त जात होतं, ती स्ट्रेचरवर. मला एकच भ्या, पत्ता चुकला तर हे हिला आत घेणार न्हाईत. मी घरचा पत्ता सांगितला न्हाई. आमी त्या दिवशी होतो ते रान सांगितलं, मालकाचं नाव, विहीर, वळणावरचा लिंब. पोरगं म्हणालं, आजी बास. मी म्हटलं, लिही बाबा, सगळं लिही.

आणि कार्डाच्या मागं फोनचा नंबर होता. तुझ्या बापाकडून लावून घेतला. त्याला सांगितलं, मेंढरांच्या डॉक्टरचा हाय. दवाखान्यातून आल्यावर आमी तीनदा रान बदललं. तिन्ही वेळा मी फोन करून नवा मुक्काम कळवला. तिकडची बाई मोठ्या अदबीनं बोलायची. "धन्यवाद, पंचफुलाबाई. तुमचा पत्ता बदलून घेतला आहे."

(राजू, मी पुजा. हे मला आत्ता कळलं.)

लिहिणारी उठून पालाबाहेर जाऊन आली. पाणी प्याली. मग परत लिहायला बसली. मी तिला जिन्यावरून ढकलणाऱ्या माणसापासून लपवायला निघाले, आणि चारी मुक्काम माझ्याच तोंडानं त्याच्या खिशात टाकले.

परवा बाजारात तिसऱ्या रानाचा मालक भेटला. म्हणे, "म्हातारे, तुमी उठलात अन् दुसऱ्या दिवशी पांढरी गाडी आली. पाव्हणा मेंढरं कुठं गेली इचारत होता." मला वाटलं, बोकडाचा व्यापारी असंल. आता कळतं, कोण होता.

उद्या उजाडताच मेंढरं हलवतो. कुठं, ते या कागदावर न्हाई.

आजी


पुणे, २० डिसेंबर २०२५ (स्पीड पोस्ट)

आजी,

त्या नंबरवर पुन्हा फोन करू नको. काल मी स्वतः केला. म्हटलं, मी पंचफुलाबाई बोलते. त्यांनी जन्मसाल विचारलं आणि ताईच्या नवऱ्याचं नाव. बस. पुढं त्या बाईनं चारी पत्ते मला वाचून दाखवले, विहीर आणि लिंबासकट. माझा आवाज चोवीस वर्षांचा आहे, आजी. तिला एकदाही शंका आली नाही. पत्ता बदलला की मूळ सभासदाला मेसेज आपोआप जातो, हेही तिनंच सांगितलं. मूळ सभासद म्हणजे दाजी.

मी ताईच्या नावानं कंपनीला अर्ज पाठवला आहे, की तिची माहिती फक्त तिलाच द्यावी. उत्तर यायचं आहे.

आणि एक गोष्ट मी लपवली होती. घर सोडलं त्या आठवड्यात ताईचा एका अनोळखी नंबरवरून फोन आला होता. म्हणाली, राजू, रक्त जातंय, जवळ पैसे नाहीत, कार्ड चालेल का? मी म्हटलं, बिनधास्त वापर, कुणाला कळणार आहे? मी. जिच्या टेबलावरून रोज हेच कागद जातात, ती मी. तू मुक्काम सांगितलास, पण दार मी उघडलं होतं. ताईला म्हणावं, राग धरायचा तर दोघींवर सारखा धर.

राजू


२८ डिसेंबर २०२५

राजे,

तुझं स्पीड पोष्ट गुलाबचंदच्या गल्ल्याखाली तीन दिवस पडून होतं. पण ते पोचायच्या आधीच तो येऊन गेला होता.

एकवीस तारखेला, दुपारी. आमी नवं रान कुणाला कळवलं नव्हतं, पण एवढ्या मेंढरांचा माग काय लपतो? चौथ्या रानाच्या मालकानं हात करून दाखवला असंल. धुरळा दिसला तशी मी तुझ्या बहिणीला म्हटलं, उठू नको, पळू नको, आत शीर. दुपारी मेंढरं कशी उभी राहतात तुला ठाऊक हाय, एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून. त्यांच्या मधोमध ती काळं घोंगडं घेऊन बसली. आठ महिन्यांचं पोट घेऊन. एकबी मेंढी बुजली न्हाई.

तो माझ्या पाया पडला. सफरचंदं आणली होती. तुझ्या बापाला पप्पा म्हणाला. मेंढरांपासून चार हातांवर उभा. मी म्हटलं, "जावई, पुजा हितं न्हाई. मेंढरं मोजायची तर मोजा."

तो म्हणाला, "आजी, कशाला उगाच. मला सगळं कळतं." आणि मोबाइल काढून वाचायला लागला. तिचं रक्त किती दाबानं चालतं. बाळाचं वजन किती. गोळ्यांची नावं. ती दवाखान्यात कितीदा रडली तेवढं त्यात नव्हतं, बाकी सगळं होतं. जे मला, तिच्याजवळ निजणारीला, ठाऊक न्हाई, ते तो उभ्या उभ्या वाचून राहिला. मला वाटलं, आता याच्यात वाचून सांगंल, ती कितव्या मेंढीमागं बसलीय.

तुझा बाप गडबडला. म्हणतो कसा, "माय, नवरा हाय तिचा. लेकरू त्याचं हाय."

मी म्हटलं, "हनुमान्या, कोल्ह्यानं कोकराला सफरचंद आणलं म्हणून दार उघडतोस का रे?" तो मागं सरला. जावई मात्र हसला. तू लिहिलंस तसंच हसला. "मी पुन्हा येतो. भावांना घेऊन येतो. मुक्काम मला कळेलच."

गाडी गेली तरी घंटाभर ती उठली न्हाई. कोकरानं तिचा कान चाटून ओला केला होता. उठली तेव्हा म्हणाली, "आजी, त्याच्या बुटाची लेस सुटलेली दिसत होती. एवढा जवळ."

काल मी तुझ्या बापाला घेऊन ठाण्यात गेले. जमादार बाई आहेत, वयानं तुझ्याएवढ्या, पण डोकं ठिकाणावर असलेल्या. त्या म्हणाल्या, "आजी, पोरीनं येऊन सांगितलं तर मारहाणीची तक्रार लगेच घेते." मी म्हटलं, ती भ्यालीय, पालाबाहेर पाऊल टाकत न्हाई. मग म्हणाल्या, "बायकोला शोधतो एवढ्यावर काय करणार? तो माग कसा काढतो, याचं तरी काही दाखवा."

मी म्हटलं, "दाखवते की. फोनचा आवाज मोठा करा."

आणि त्यांच्या टेबलावरूनच तो नंबर लावला. तीच अदबीची बाई. मी म्हटलं, बाई, आमी मुक्काम हलवला. आता डोंगरकड्याला, माझा भाऊ नामाजी, त्याच्या हळदीच्या रानात. विहीर सांगितली, बोरीचं झाड सांगितलं. ती म्हणाली, "धन्यवाद, पंचफुलाबाई."

जमादार बाईंनी तारीख-वेळ लिहून घेतली. जिल्ह्याच्या त्या टोकाला मेंढरांचा एक केसबी न्हाई. हा खोटा मुक्काम तिथं बसलेल्या आमा तिघांना ठाऊक, आणि एका कंपनीला. आता तो तिथं जातो का, बघायचं.

लिहिणारी म्हणते, आजी, तो चिडंल. चिडूच दे. पण खरं सांगू, रात्री माझा डोळा लागत न्हाई. नामाजी अडुसष्ट वर्षांचा हाय, आणि त्याच्याकडं काठीसुद्धा उसनी.

आजी


पुणे, ३१ डिसेंबर २०२५ (स्पीड पोस्ट)

आजी,

तुमचा एकच फोन, तोही बंद, काय करू? तुम्ही डोंगरकड्याला असाल तर हे पत्र मिळताच तिथून निघा. नामाजीआजोबांकडं गेलात कशाला?

आज सकाळी दाजींचा फोन आला. "डोंगरकड्याला तुमचं कोण राहतं?" मी कुणी नाही म्हटलं. मग त्यांनी मला कंपनीचा मेसेजच पाठवला, विहिरीसकट. खाली लिहिलं, "आता?" सत्तावीस तारखेचा मेसेज आहे. मी तो जसाच्या तसा ठेवलाय. एक छापून सोबत जोडते आहे. कशाला ते माहीत नाही, पण पुसवत नाही.

अजून एक. मी ताईच्या नावानं जो अर्ज केला होता, त्याचं उत्तर आलं. "आपल्या माहितीची गोपनीयता आम्ही काटेकोरपणे जपतो." हे मला कसं कळलं? ते उत्तर कंपनीनं दाजींच्या घरी पाठवलं, आणि दाजींनी मला फोनवर वाचून दाखवलं. माझा पुण्याचा पत्ताही त्यात होता. तोही वाचला.

मी आता ऑफिसातून एकटी घरी येत नाही.

निघा तिथून. हात जोडते.

राजू


१४ जानेवारी २०२६

राजे,

तुझ्या जिवाला उगाच घोर लावला. तुझं आणि माझं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेलं. आमी डोंगरकड्याला नव्हतोच. पण तू घाबरून जे छापून पाठवलंस, त्यानं काम केलं, ते ऐक.

गाडी दोन तारखेला आली. तो आणि दोन भाऊ. नामाजीला सगळं सांगून ठेवलं होतं. त्यानं आधी चहा पाजला, गूळ जास्त घालून. मग म्हणाला, मेंढरं ओढ्यापलीकडं आहेत, चला. आणि त्या तिघांना हळदीच्या सरींतून घंटाभर फिरवलं. एका भावाची चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच. नामाजी म्हणतो, "अक्का, मी पुढं चालत होतो अन् पाठीला घाम. मागून कुणी टोला घातला असता तर हळदीतच पुरला असतो." तवर तालुक्याहून दोन पोलीस आले, इकडून जमादार बाईंनी कळवलं होतं.

पोलिसानं इचारलं, "इथला पत्ता कुणी दिला?" तर हा छाती काढून मोबाइल दाखवतो. "कंपनीचा मेसेज आहे. माझा हक्क आहे." त्याला वाटलं, ती त्याची पावती हाय. आमच्या बाईंच्या वहीतली वेळ, त्याच्या मोबाइलवरची वेळ आणि मागून आलेला तुझा छापलेला कागद, तिन्ही बराबर जुळले.

मग तुझी बहीण उठली. कुणी सांगितलं न्हाई. मला म्हणाली, "चल." ठाण्यात बसून जिन्याचं सांगितलं, त्यानं उगारलेल्या हाताचं सांगितलं, मला न सांगितलेलंबी सांगितलं. मी ऐकत होते आणि भिंतीकडं बघत होते. जमादार बाईंनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि तिची सही घेतली. माझ्याकडंबी कागद सरकवला. मी अंगठा पदरात लपवला. म्हटलं, आधी सांगा, हा कुठं कुठं जाणार? बाई म्हणाल्या, कोर्टात, आणि कुठंच न्हाई. दोनदा वदवून घेतलं, मग टेकवला.

कोर्टानं त्याला सध्या तिच्यापासून लांब राहायला सांगितलंय. तुझ्या हॉस्टेलपासूनबी, ते बाईंनी मुद्दाम घातलं. पण तो मोकळा हाय, राजे. गाडी त्याची, मोबाइल त्याचा, कार्डबी त्याचंच. पांढरं काही दूर दिसलं की मी उठून उभी राहते, मग कळतं, बगळा हाय.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात करायचं ठरवलंय. ते कार्ड मी कात्रीनं कापलं, मेंढराच्या कानासारखं.

आज संक्रांत. तुझ्या बहिणीनं तीळ भाजले. तिचा तुझ्यावर राग न्हाई. माझ्यावर थोडा हाय, तो मीच ठेवायला सांगितलाय.

आजी


२९ जानेवारी २०२६

राजनंदे,

आज लिहिणारे गुलाबचंद आहेत, त्यांच्याच दुकानात बसून. नेहमीची लिहिणारी कामात हाय. गुलाबचंद भला माणूस, पण त्याच्या दुकानात दिवसाला शंभर माणूस येतं आणि त्याला बोलायची आवड. तेव्हा नीट ध्यान देऊन वाच. तुझ्या डोक्यातलं चिरलेलं मडकं आज तेवढं लिंपून घे.

ज्या मेंढीची तू काळजी करत होतीस, ती परवा पहाटे व्याली. दोन्ही सुखरूप. कोकरू कसं हाय, नर का मादी, रंग काय, ते कागदावर सांगत न्हाई. तू स्वतः येऊन बघ. त्याचं कपाळ मात्र तुझ्यावर गेलंय, लहानपणी तुझं होतं तसंच, रुसल्यावाणी.

(मेंढीच्या कोकराचं कपाळ आपल्यावर कसं गेलं, हे मला समजलं नाही. आजी म्हणाल्या तसं लिहिलं आहे. गुलाबचंद.)

वाड्यात घेताना तिथल्या बाईनं पत्ता इचारला. माझं तोंड उघडलं होतं, विहीर, लिंब, सगळं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मेंढीनंच उत्तर दिलं. बाई म्हणाली, हे पुढं कुणाला द्यायचं का? मेंढी म्हणाली, "न्हाई. माझं माझ्याजवळ राहू द्या." मी तिच्याकडं बघतच राहिले.

(मेंढी म्हणाली, हे दोनदा विचारून लिहिलं आहे. आजींची तब्येत बरी दिसते. गु.)

भ्या अजून गेलं न्हाई. वाड्याच्या दारात मी रात्रंदिवस बसून हाय, येणाऱ्या जाणाऱ्याचे बूट बघते. काल एकाची लेस सुटलेली होती, तर मी काठी घेऊन उठले. तो डॉक्टर निघाला.

आता कामाचं. अळीव पाव किलो, चांगला पांढरा डिंक, खारीक, आणि खोबऱ्याच्या वाट्या दहा, एवढं पुण्याहून पाठव. हितं घेता येत न्हाई, हितं अळीव घेतले की दुपारपर्यंत सेनगावात बारसं ठरतं. पार्सल गुलाबचंदच्या नावानं टाक, वर माझं नाव नको, कुणाचंच नको, आत काय तेबी नको. कुणी इचारलंच, तर सांग, मेंढरांची पेंड हाय. आणि डिंक बारका बघून घे, जाड नको, तुपात फुलत न्हाई.